वामनदादांचे शेवटचे कडवे

वामनदादा कर्डकांविषयी आपल्याकडे लिहिले जाते ते बहुधा जयंतीच्या नाहीतर स्मृतिदिनाच्या निमित्ताने. ‘लोककवी’ हे विशेषण त्यात न चुकता येते. पण त्यांचे एखादे गीत समोर घेऊन कडव्यागणिक त्याची चिकित्सा केल्याचे क्वचितच आढळते. गौरव भरपूर आणि वाचन नाही! प्रस्थापित समीक्षेने हे केले असते तर आपण तिला जाब विचारला असता. आपल्याच समीक्षेला कोणी विचारायचे? म्हणून ‘लोककवी’मधल्या या ‘लोक’ शब्दाची येथे थोडी झडती घ्यायची आहे.

मी माहीमच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. घरी पुस्तके नव्हती, वामनदादांची गाणी होती. माझ्या वर्गात धारावीची, माहीम कोळीवाड्याची मुले आहेत. बाबासाहेबांच्या मताचे मोजके लोक जरी असते तर काय घडले असते, हा सल मांडणारे वामनदादांचे गीत त्यांतल्या अनेकांना पाठ असते. ते कोणाचे, असे विचारले की उत्तर येते, ‘लोकगीत आहे, सर.’ हे मुलांचे अज्ञान नव्हे. कवीला एकदा ‘लोक’ या कप्प्यात टाकले की त्याचे गीत निनावी होणे हा पुढचाच टप्पा असतो.

लोकगीत म्हणजे काय? ज्याला कर्ता नाही, तारीख नाही, जे जात्यावर, शेतात आपोआप उगवले असे मानले जाते ते. वामनदादांचे काय आपोआप उगवले? १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडीत जन्म. मुंबईत शिवडीच्या बीडीडी चाळीत वास्तव्य, मिळेल ती मजुरी, समता सैनिक दल, आणि मोठेपणी झालेली अक्षरओळख. १९४३ साली पहिले गीत रचले तेही एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर. १५ मे २००४ रोजी ते गेले. या सहा दशकांतली रचना कामगारवस्तीतली, सभेतली, लाउडस्पीकरच्या काळातली आहे.

त्यांच्या आधी भीमराव कर्डकांचे जलसे होते. जलशाला संवाद, नाट्य आणि माणसांचा संच लागे. वामनदादांनी गीत या संचातून सोडवले. एक पेटी, एक ढोलकी. तीही नसली तर टाळी पुरे. असे सुटे गीत गावोगाव गेले, कर्ता मागे राहिला तरी पुढे जात राहिले. त्यांची कीर्ती आणि त्यांचे निनावीपण यांचे मूळ एकच आहे.

माहीममध्ये वावरणाऱ्याला आणखी एक गोष्ट जाणवते. डिसेंबरात येथे मखदूमशाह बाबांची जत्रा भरते, आणि त्याच महिन्याच्या ६ तारखेला चैत्यभूमीकडे जनसमुदाय लोटतो. शिवाजी पार्कच्या पदपथांवर गीतांच्या पुस्तिका मांडलेल्या असतात. भीमगीतांच्या गायकांनी कव्वालीची टाळी घेतली, कोरस घेतला, दुरंगी सामनाही घेतला. ‘शुद्ध’ परंपरा शोधणाऱ्याची येथे पंचाईत होते.

अशीच पंचाईत आयर्लंडमध्ये मार्गारेट बॅरीने करून ठेवली होती. १९१७ साली कॉर्कमध्ये जन्मलेली ही गायिका तेथील भटक्या ‘ट्रॅव्हलर’ समाजातली. (वसलेला समाज भटक्यांना कसे वागवतो ते आपल्या भटक्या-विमुक्तांना सांगायला नको. ट्रॅव्हलरांना स्वतंत्र वांशिक समूह म्हणून आयरिश सरकारने मान्यता दिली ती २०१७ साली!) बँजो घेऊन जत्रांत, रस्त्यांवर गाणाऱ्या या बाईचा आवाज १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ॲलन लोमॅक्स या अमेरिकन संग्राहकाने ध्वनिमुद्रित केला. अस्सल परंपरेचा आवाज म्हणून ती लंडनपर्यंत गाजली. पण तिचे सर्वांत प्रसिद्ध गीत, जत्रेतून चालत जाणाऱ्या प्रेयसीचे, तिने ग्रामोफोनच्या तबकडीवरून उचललेले होते. आणि त्याचे शब्द बहुतांशी पॅड्रिक कोलम या कवीचे, १९०९ साली पुस्तकात छापलेले.

कोलमचे नाव निदान पुस्तकाने राखले. वामनदादांनी स्वतःचे नाव गीतातच राखून ठेवले. शेवटच्या कडव्यात ‘वामन’ ही मुद्रिका येते. संतांच्या आणि शाहिरांच्या रचनेतली ही जुनी रीत, पण येथे तिचे काम वेगळे आहे. अक्षर उशिरा हाती आलेल्या माणसाने मालकीचा दस्तऐवज आवाजात करून ठेवला. या मुद्रिकेत नम्रतेपेक्षा साक्ष अधिक आहे. भांडवलदारांच्या आडनावांना ‘वाटा’ या शब्दाशी यमकात बांधून कष्टकऱ्याचा हिस्सा मागणारे त्यांचे गीत घ्या. तेथे यमक हीच मागणी आहे. ‘टाटा’ उच्चारले की कान हिश्शाची वाट पाहू लागतो. हे कसब आपोआप येत नसते. आणि नेमके शेवटचे कडवेच गळते! मिरवणुकीत दोन कडवी झाली की पुढचे गाणे सुरू होते. मोबाइलवर तर अर्ध्या मिनिटाचा तुकडा फिरतो.

त्यांची सगळीच गीते सारख्या तोलाची आहेत असे मला म्हणायचे नाही. काही गीते नुसती उपमांची रास आहेत. बाबासाहेबांना आई, बाप, सूर्य म्हणता म्हणता विचार मागे पडतो, आणि स्वतःचा दीप स्वतः व्हायला सांगणाऱ्या धम्मात तारणहार मागच्या दाराने शिरतो. कोणत्या गीतात हे घडते आणि कोणत्यात कवी त्यावर मात करतो, हे नेमके दाखवले पाहिजे. ‘लोककवी’ म्हणून हात जोडले की हा प्रश्नच उरत नाही. मला तो उरायला हवा आहे.

‘वाटचाल’ (१९७३), ‘मोहळ’ (१९७६), ‘हे गीत वामनाचे’ (१९७७) हे संग्रह आहेत. पण चाल, प्रसंग आणि गायकागणिक बदललेला पाठ नोंदवल्याशिवाय या गीतांचा खरा अभ्यास सुरू होणार नाही. जुन्या चाली ज्यांच्या गळ्यात आहेत ते गायक आता म्हातारे झाले आहेत. ज्या वस्त्यांत ही गाणी रात्र रात्र चालली, त्यांतल्या वरळी-नायगावच्या बीडीडी चाळी पाडून तेथे मनोरे उभे राहत आहेत. वही आणि मोबाइल एवढ्या सामग्रीवर हे काम होण्यासारखे आहे. आमच्या दोन विद्यार्थिनींनी ते शिवडीपासून सुरू केले आहे, आणि प्रत्येक गायकाला त्या शेवटचे कडवे आधी विचारतात.