मोळी आणि हापसा

मुलांना दयाळू कसे करावे, या प्रश्नाला मराठी संस्कारकथेचे उत्तर ठरलेले आहे : मुलाला द्यायला शिकवा. घासातला घास, जुना सदरा, खाऊचे पैसे. नाताळच्या सुमारास अनाथाश्रमाला भेट देताना आपणही मुलांकडून हेच गिरवून घेतो. हे उत्तर खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे, असे आम्हांस वाटते. दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली म्हणजे हे अपुरेपण ध्यानी येते.

पहिले अर्थातच ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकातील ‘देवाला सारी प्रिय’ हे प्रकरण पाहावे. अस्पृश्य मानलेल्या जातीची एक म्हातारी मोळीसह पडते. आई श्यामला मोळी उचलून द्यायला पाठवते. मात्र परतल्यावर स्नान करायलाही सांगते. त्या काळच्या कोकणातील ब्राह्मण घरात ही केवढी मजल होती, हे आम्ही विसरत नाही. आईला होती त्याहून पुढारलेली न दाखवण्यात लेखकाचा प्रामाणिकपणाही आहे. तरीही त्या स्नानापाशी करुणेची सीमा दिसते. श्याम देतो, म्हातारी घेते. मोळी हलते, पायरी हलत नाही. गुरुजी स्वतः मात्र तेथे थांबले नाहीत. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात त्यांनी उपोषण केले.

दुसरे पुस्तक डॉ. मेबल व डॉ. रजनीकांत आरोळे यांचे ‘जामखेड’. १९९४ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेले हे पुस्तक बालवाङ्मय नव्हे. १९७० पासून या दांपत्याने उभारलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पाची ती हकिकत आहे. दुष्काळात पिण्याच्या पाण्यासाठी बोअर घेताना जागा हेतुपुरस्सर दलित वस्तीत निवडल्या गेल्या. तहानेने सवर्ण घरांतील बायकांनाही घागर घेऊन त्याच हापशावर आणले. गावच्या आरोग्यसेविका बहुतांशी निरक्षर, त्यांतल्या अनेक दलित. बाळाचे वजन घेणारा, बाळंतिणीला सोडवणारा हात त्यांचा. येथे प्रवचन नाही. आईचे बोट धरून आलेल्या मुलाला आपले पाणी कोठून येते, हे नुसते दिसत होते.

दयाळू शोमरोनीच्या दाखल्याचे मर्म तरी दुसरे काय? नाटुकल्यात प्रत्येक मुलाला शोमरोनी व्हायचे असते. वाटेवर पडलेला जखमी व्हायला कोणी राजी नसतो. परंतु प्रभूने तुच्छ लेखलेल्याच्याच हातून मदत घडवली, आणि ऐकणाऱ्यांना बोचले ते नेमके हेच.

म्हणून जामखेडची आरती ओवाळूनही भागणार नाही. याच तालुक्यातील खर्डा येथे २०१४ साली सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याची हत्या झाली. एका पिढीने हापशावर शिकलेले पुढच्या पिढीला आपोआप मिळत नाही. अनाथाश्रमात खाऊ वाटून आलेले मूल घरी घरकामाच्या बाईंचा वेगळा कप पाहते, तेव्हा ते कपाकडूनच शिकते.

पालकांना आमची विनंती एवढीच : ‘श्यामची आई’ मुलांना जरूर वाचून दाखवावी, आणि त्या स्नानाचे वाक्य गाळू नये. ‘आंघोळ कशाला?’ असे मूल विचारील. मग त्याला हापशाची गोष्ट सांगावी.