शून्य कार्य आणि हमालाचा घाम

शालेय विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकाचे परीक्षण सहसा कोणी लिहीत नाही. एवढा मोठा वाचकवर्ग मराठी गद्याला अन्यत्र क्वचितच लाभतो, तरीही नाही. म्हणून नववीच्या ‘कार्य आणि ऊर्जा’ या प्रकरणाच्या निमित्ताने एकाच संकल्पनेची चिकित्सा मी येथे करणार आहे.

कार्य म्हणजे बल आणि बलाच्या दिशेने झालेले विस्थापन यांचा गुणाकार. दोन्ही परस्परांना लंब असतील तर कार्य शून्य. याचे ठरलेले उदाहरण म्हणजे डोक्यावर ओझे घेऊन सपाट रस्त्याने चालणारा हमाल. ओझ्याला आधार देणारे बल वरच्या दिशेने, विस्थापन आडवे. म्हणून त्या बलाने केलेले कार्य शून्य.

गणित बिनचूक आहे. पण आमच्या नागऱ्यापासून गोंदियाच्या राईस मिल फार दूर नाहीत. धानाचे कट्टे वाहणाऱ्याचे मूल वर्गात बसलेले असते. ‘मग बाबा थकतात कशानं?’ या त्याच्या प्रश्नाचे उत्तर व्याख्येत नाही. व्याख्या फक्त ओझ्याकडे पाहते, माणसाकडे नाही. हे स्पष्ट सांगितले नाही तर मूल एवढेच ऐकते की बाप काहीच करत नाही.

या संज्ञेचा जन्म यंत्रांच्या हिशेबातून झाला. १८२९ साली फ्रान्समध्ये कोरिऑलिस याने यंत्रांवरील ग्रंथात ती रूढ केली. त्याने निवडलेला फ्रेंच शब्द श्रम, मेहनत याच अर्थाचा होता. मराठीने मात्र ‘काम’ न घेता ‘कार्य’ घेतले. ही निवड मला शहाणपणाची वाटते. काम मजुरीचे, कार्य लग्नाचे, समाजाचे आणि आता भौतिकशास्त्राचे. दोन शब्द हाताशी असल्याने मराठी शिक्षक सहज म्हणू शकतो, ‘काम भरपूर झाले, कार्य शून्य झाले.’ इतकी सोपी वाट असताना वर्गात ‘कार्य म्हणजे काम’ असे सांगून ती बुजवली जाते.

आता आकडे पाहू. ४० किलोचा कट्टा दीड मीटर उचलला तर कट्ट्यावर सुमारे ५८८ ज्यूल कार्य होते. असे १०० कट्टे उचलले तरी ते जेमतेम १४ किलोकॅलरी भरते. १०० ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण १३० किलोकॅलरी असतात. मग हमालाची भूक एवढी मोठी का? कारण कट्ट्याबरोबर तो स्वतःचे शरीरही उचलतो आणि स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णतेत घालवतात. कट्टा नुसता पेलून उभे राहिले तरी स्नायूतले सूक्ष्म तंतू एकमेकांना धरतात, ओढतात, सोडतात, पुन्हा धरतात. प्रत्येक फेरीत एटीपी खर्ची पडतो. बाहेर कट्टा हलत नाही. आत ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. स्नायूतील उष्णतेच्या संशोधनासाठी ए. व्ही. हिल यांना १९२२ चे नोबेल मिळाले. तंतू एकमेकांवर सरकतात ही कल्पना १९५४ मध्ये मांडली गेली.

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर असे जीवशास्त्रात आहे. एटीपी त्याला सविस्तर भेटतो तो दहावीच्या दुसऱ्या भागात, ‘सजीवांतील जीवनप्रक्रिया’ शिकताना. तिथे ग्लुकोज आहे, तंतुकणिका आहे. हमाल मात्र नववीतच राहिलेला असतो.

आमच्या सीमाभागात आणखी एक गुंता आहे. बालाघाट, राजनांदगाव शेजारी; कानावर हिंदी सतत. मराठी पुस्तकातील पेशी म्हणजे हिंदीतली ‘कोशिका’, तर हिंदीतली ‘पेशी’ म्हणजे आपला स्नायू. हिंदीतील ‘स्नायु’ हा तर अस्थिबंध. शिवाय गावात पेशी म्हणजे कोर्टाची तारीख! स्नायूच्या पेशीत ऊर्जा तयार होते, हे साधे वाक्य हिंदी पुस्तक चाळणाऱ्या मुलाला इथे चकवते.

माझी मागणी मोठी नाही. उदाहरण काढू नये; हमालाला पाठ्यपुस्तकातून हाकलणे हा उपाय नव्हे. त्याच्याखाली तीन ओळी वाढवाव्यात: हे शून्य कट्ट्यावरील वरच्या दिशेच्या बलाचे आहे, हमालाचे शरीर ऊर्जा खर्च करतेच, ती कुठे जाते, हे दहावीत पाहू. आणि दहावीच्या त्या पाठात पहिला प्रश्न हमालाचाच विचारावा.