छात्रालयातील लेखणी

साने गुरुजींच्या वाङ्मयावर भावविवशतेचा आरोप वारंवार केला जातो. तो सर्वस्वी निराधार नाही. परंतु या लेखनाचा उगम कोठे आहे हे आरोप करणारे पाहत नाहीत. १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झालेल्या गुरुजींकडे पुढे तेथील छात्रालय आले, आणि मुलांसाठी ते हस्तलिखित 'छात्रालय दैनिक' काढू लागले. वाचक म्हणजे शेजारच्या खोलीतील मुलगा! त्याच्याशी पांडित्याने बोलून कसे चालेल? १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या 'श्यामची आई'चा जिव्हाळ्याचा सूर येथेच घडला असावा, असे आम्हांस वाटते.

मुलांचे कपडे, खोल्या गुरुजी मुकाट्याने नीटनेटक्या करीत. मुले ओशाळत व स्वतः कामास लागत. या रीतीचे बळ त्या पुस्तकात आहे, तशी तिची मर्यादाही आहे. आश्रमातील मित्र भोवती बसून ऐकतात. बोलतो तो मुख्यतः श्यामच. साताऱ्यास भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले मिळून स्वयंपाकपाणी करीत व एका पंक्तीस जेवीत. तेथील सहकार्य कोणा एकाच्या थोर अंतःकरणावर विसंबून नव्हते. ते नित्याच्या कामातच गोवलेले होते. 'श्यामची आई' वाचून मन द्रवते, पण ही सवय लागत नाही.

म्हणून नागपुरास शिकावयास धाडलेल्या मुलाच्या पेटीत हे पुस्तक अवश्य घालावे. मात्र खोलीचा केर काढण्याची आपली पाळी चुकवू नकोस, हेही त्यास बजावावे.