सात-बाराबाहेरचा माणूस

भंडारा जिल्ह्यात विकासाविषयी बोलणे म्हणजे पाण्याविषयी बोलणे. आणि पाण्याविषयी बोलायला बसले की विचारवंतांचे दोन पक्ष पडतात. एक पक्ष धरणवाल्यांचा. गोसीखुर्द पूर्ण करा, कालवे शेवटच्या बांधीपर्यंत न्या, म्हणजे पूर्व विदर्भाचे दैन्य संपेल, असे तो सांगतो. दुसरा पक्ष तलाववाल्यांचा. धरणाने नदी नासली, गावे बुडाली. आपल्या पूर्वजांचे मालगुजारी तलाव दुरुस्त केले असते तर हे काही लागलेच नसते, असे तो म्हणतो. परिसंवादांतून, पुरवण्यांतून, निवडणुकीच्या सभांतून हा वाद अनेक वर्षे चालू आहे. तो मी ऐकत आलो आहे, शिक्षक म्हणून विद्यार्थ्यांना समजावूनही सांगत आलो आहे. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद तपासले तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. हे दोन्ही पक्ष एकाच कागदावर उभे आहेत. तो कागद म्हणजे सात-बाराचा उतारा. ज्याचे नाव त्या कागदावर नाही त्याच्याविषयी धरणवाल्यांनाही काही म्हणायचे नाही आणि तलाववाल्यांनाही नाही.

प्रथम धरण घेऊ. पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्द येथे २२ एप्रिल १९८८ रोजी तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांनी या प्रकल्पाची पायाभरणी केली. मूळ अंदाज ३७२ कोटी रुपयांचा होता, उद्दिष्ट भंडारा, नागपूर व चंद्रपूर या जिल्ह्यांतील अडीच लाख हेक्टर भिजवण्याचे होते. अकरा किलोमीटरहून लांब मातीची भिंत, तेहतीस दरवाजे. खर्च पुढे कितीतरी हजार कोटींवर गेला, एक पिढी म्हातारी झाली, आणि कालव्यांच्या निकृष्ट कामाच्या चौकशा झाल्या. हे सर्व वर्तमानपत्रांत येऊन गेलेले आहे, म्हणून त्यावर मी थांबत नाही. मला थांबायचे आहे ते या प्रकल्पाच्या भाषेवर. सरकारी निर्णय ही वाङ्मयाची एक शाखा आहे असे आपण मानत नाही, परंतु आपल्या माणसांच्या आयुष्यावर कवितेपेक्षा तिचाच परिणाम अधिक होतो. तेव्हा तिचीही समीक्षा झाली पाहिजे.

या भाषेत माणसांचे दोन प्रकार आहेत : बुडीत क्षेत्रातला ‘प्रकल्पग्रस्त’ आणि लाभक्षेत्रातला ‘लाभधारक’. पहिल्याची जमीन जाते, दुसऱ्याची भिजते. दोघांच्याही व्याख्येच्या मुळाशी जमीन आहे. आता बुडीत गावाच्या एका टोकाला असलेल्या बौद्धवाड्यातील बाईचा विचार करा. तिच्या नावावर गुंठाभर जमीन नाही. आषाढात ती परहे उपटते, कंबरभर वाकून रोवणी करते, दिवाळीच्या आसपास धान कापते, पुढे चुरणीला जाते. उन्हाळ्यात तेंदूपाने तोडते, उरलेल्या दिवसांत विड्या वळते. पाटलाची वीस एकर बांधी पाण्याखाली गेली तेव्हा पाटलाला वीस एकरांचा मोबदला मिळाला. तो कमी होता, उशिरा मिळाला, त्यासाठी त्याला लढावे लागले, हे मी नाकारीत नाही. परंतु त्याच वीस एकरांत या बाईचे वर्षातले जे शे-सव्वाशे दिवस होते, ते कोणत्या रकान्यात लिहिले गेले? पुनर्वसनाच्या नियमांनी तिला घरापुरती जागा दिली, कधी काही रोख अनुदान दिले. पण तिची रोजी ही तिची मालमत्ता होती, असे कोणत्याही मूल्यांकनात धरले गेले नाही. झाडाची किंमत झाली, विहिरीची झाली, गोठ्याची झाली. रोवणी करणाऱ्या हातांची झाली नाही.

धीवरांचेही असेच आहे. वैनगंगेच्या वाळूत उन्हाळ्यात डांगरवाड्या लागत. ती वाळू कुणाच्या सात-बारावर नव्हती, म्हणून ती बुडाली तेव्हा कायद्याच्या दृष्टीने कुणाचेच काही बुडाले नाही. उलट धरणाच्या साठ्यात नाग नदीतून, पुढे कन्हानमधून नागपूर शहराचे सांडपाणी येऊन मिसळते आणि ते वाहून न जाता तुंबून राहते. ज्याच्याजवळ पैसा आहे तो पाणी विकत घेऊन पितो.

प्रकल्पग्रस्तांच्या लढ्यामुळे २०१३ साली राज्य सरकारला सुमारे बाराशे कोटींचे विशेष पॅकेज द्यावे लागले. त्या लढ्यात आपली माणसे मोठ्या संख्येने होती, पाण्यात उतरून ती बसली होती. मोर्च्यात संख्या भूमिहीनांची आणि मागणीपत्रात पहिले कलम एकरी दराचे, हे दृश्य आपल्याला नवे नाही. तरीही त्याची नोंद आपल्या साहित्यात फारशी झाली नाही, याचे मला आश्चर्य वाटते.

आता तलाववाल्यांकडे वळू. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून सहा-सात हजार मालगुजारी तलाव आहेत. गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला भिजणाऱ्या जमिनीवर हक्क दिला आणि कोहळी समाजाने हे शास्त्र पिढ्यान्‌पिढ्या जोपासले. उतार कसा ओळखावा, पाळ कुठे घालावी, एका तलावाचा ओलावा खालच्या बोडीत कसा उतरवावा, हे ज्ञान थोर होते. त्याचा गौरव झालाच पाहिजे. परंतु गौरव करताना ‘गावाने तलाव बांधला’, ‘गावाने पाणी वाटून घेतले’ अशी जी वाक्ये लिहिली जातात त्यांतील ‘गाव’ म्हणजे नेमके कोण? पाळीवर माती कुणी वाहिली? वेठीला कोण होते? तलावाच्या कोणत्या घाटावर कुणी उतरावे हे कोण ठरवीत होते? ‘गाव’ हा शब्द वापरला की हे प्रश्न विरघळून जातात. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत गावाच्या या गोडव्यावर कठोर प्रहार केला, तो उगाच नाही.

मध्यप्रांताच्या मालगुजारी निर्मूलनाच्या कायद्याने १९५१ साली तलाव सरकारजमा झाले. तेव्हापासून त्यांची हेळसांड झाली ही तक्रार खरी आहे. पण मालगुजार गेला त्या दिवशी तलाव गेला, असे हळहळून सांगणाऱ्यांच्या स्वरात मालगुजारीचीच हळहळ मला ऐकू येते. आजही तलावातील गाळ काढण्याच्या योजना आखल्या जातात. २०१७ च्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत गाळ निघाला आणि शेतकऱ्यांच्या शेतात गेला. ज्याला शेत नाही त्याने सुपीक गाळ टाकावा कुठे? अंगणात? (काही धीवर सहकारी संस्थांनी तलावांतील देशी वनस्पती व देशी मासे परत आणण्याचे जे काम केले आहे ते मात्र निराळ्या जातीचे आहे. तिथे तलाव हा मजुरीचा आणि अन्नाचा आधार म्हणून पाहिला गेला. आपल्या कार्यकर्त्यांनी ते जाऊन पाहावे.)

या वादात आपले काही मित्र बाबासाहेबांना धरणवाल्यांच्या बाजूने उभे करतात. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना त्यांनी दामोदर आणि महानदी यांच्या खोऱ्यांच्या बहुउद्देशीय योजनांना चालना दिली, हे निःसंशय खरे आहे. नदी अडवण्याला त्यांचा तात्त्विक विरोध नव्हता, आपलाही असू नये. महात्मा फुल्यांनीही ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सरकारी शिपायांकडून बांधबंदिस्ती करून घ्या असे सुचवले होते. पण अर्धे बाबासाहेब घेऊन चालणार नाही. ज्या हाताने त्यांनी नदीखोऱ्यांच्या योजना पुढे नेल्या, त्याच हाताने १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन लिहिले. शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी, ती गावकऱ्यांना जातपात न पाहता सामुदायिक शेतीसाठी द्यावी, अशी मागणी त्यात आहे. तुकडेजोड आणि कूळकायदे यांनी भूमिहीन अस्पृश्याचे काहीच भले होणार नाही, हेही त्यांनी तिथे स्पष्ट केले. म्हणजे पाणी आणि जमीन हे दोन प्रश्न त्यांनी वेगळे केले नव्हते. स्वतंत्र भारताने पहिला उचलला आणि दुसरा टाकून दिला. गोसीखुर्दच्या समर्थनार्थ बाबासाहेबांचे नाव घेणाऱ्यांनी पहिले पान वाचून पुस्तक मिटले आहे.

याच जिल्ह्याने त्यांना पराभूत केले, हेही विसरता येत नाही. मे १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत, भंडारा तेव्हाच्या मध्यप्रदेशात असताना, ते काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून आठ हजारांवर मतांनी हरले. मतदारसंघ दोन जागांचा होता. दुसऱ्या जागेवर समाजवादी अशोक मेहता निवडून आले. ज्या सभागृहात जमिनीच्या राष्ट्रीयीकरणाचा आग्रह धरणारा आवाज जायचा होता, त्याची वाट इथल्या मतपेट्यांत अडली.

धरण आणि तलाव सोडून इतर धोरणे पाहिली तरी तोच कागद समोर येतो. धानाला बोनस द्यावा ही इथली दरवर्षीची मागणी. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर अधिवेशनात हेक्टरी १५ हजार रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, जाहीर झाले. पुढच्या वर्षी ही रक्कम २० हजार झाली. शेतकरी अडचणीत आहे, त्याला मदत मिळालीच पाहिजे. पण हेक्टरी म्हणजे पुन्हा खातेदाराला. मालक शहरात, जमीन बटईने दुसऱ्याकडे, घाम तिसऱ्याचा : अशा शेतात बोनस कुणाच्या बँकेत जातो? बटईचा व्यवहार तोंडी असतो. कारण तो कागदावर आला तर कूळ लागेल ही मालकाची भीती. परिणामी पीक बुडाले तर नुकसान बटईदाराचे आणि भरपाई मालकाची.

रोजगार हमीचेही असेच. दुष्काळात, १९७२ साली, महाराष्ट्रात सुरू झालेली आणि १९७९ पासून कायद्याच्या बळावर चाललेली ही योजना भूमिहीनांनी जगवली आणि तिने भूमिहीनांना जगवले. तिचे ऋण मी मानतो. परंतु त्या हातांनी जी विहीर खणली, जो बांध घातला, तो कुणाच्या शेतात राहिला? मजुराकडे हजेरीपट उरला, मालकाकडे पाणी.

मग भूमिहीनाला जमीनच का देऊ नये? कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले, हजारोंनी तुरुंग भरले. त्यांच्याच नावाने राज्य सरकारने २००४ मध्ये सबळीकरण व स्वाभिमान योजना काढली : अनुसूचित जाती व नवबौद्ध भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. आधी अर्धे कर्ज, अर्धे अनुदान होते. २०१८ मध्ये अनुदान शंभर टक्के झाले, दर एकरी जिरायतीला पाच लाख व बागायतीला आठ लाखांपर्यंत वाढवला गेला. ऐकायला उत्तम. पण ही जमीन सरकारने बाजारातून, राजीखुशीने विकणाऱ्याकडून घ्यायची आहे. कालव्याजवळच्या बांधीचा मालक कालच्या मजुराला आजचा शेजारी खातेदार करण्यासाठी जमीन विकील काय? दादासाहेबांनी सरकारी पडीक, गायरान व वनजमिनीवर हक्क मागितला होता. योजनेने त्या हक्काचे रूपांतर विनंतीत केले आणि वर त्यांचेच नाव लावले.

इथे आपले डावे मित्र म्हणतील, तुम्ही जातीचा प्रश्न जमिनीचा करता आहात, म्हणजे आमच्याकडेच आलात. तसे नाही. याच जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात खैरलांजी आहे. भोतमांगे कुटुंबाकडे जमीन होती. सुरेखा भोतमांगे ती कसत होत्या, मुलांना शिकवत होत्या, आणि त्यांच्या शेतातून रस्ता काढण्याचा वाद गावात धुमसत होता. २९ सप्टेंबर २००६ रोजी त्यांची, प्रियंकाची, रोशन व सुधीर या दोन्ही मुलांची हत्या झाली. विशेष न्यायालयाने २००८ मध्ये आरोपींना शिक्षा दिल्या, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लावला नाही. सात-बारावर नाव चढले की माणूस सुरक्षित होतो, असे म्हणण्याची सोय खैरलांजीने ठेवलेली नाही. जमीन मिळवण्याचा लढा आणि ती कसत गावात ताठ मानेने जगण्याचा लढा एकाच वेळी लढावा लागतो. म्हणूनच तो केवळ वर्गलढ्याच्या पुस्तकातून शिकता येत नाही.

हे सर्व आज सांगण्याचे कारण वैनगंगा–नळगंगा नदीजोड प्रकल्प. गोसीखुर्दचे पाणी सुमारे ४२६ किलोमीटरच्या कालव्याने बुलढाण्यापर्यंत नेण्याच्या या योजनेला राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता दिली. खर्च ऐंशी हजार कोटींहून अधिक. वाद पुन्हा जुन्याच वळणावर गेला आहे : भंडाऱ्याचे पाणी भंडाऱ्याला पुरत नसताना पश्चिमेकडे का न्यावे? प्रश्न रास्त आहे. पण तो पुन्हा एका खातेदाराने दुसऱ्या खातेदाराला विचारलेला प्रश्न आहे.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने एक दार उघडलेले आहे. संपादनापूर्वी तीन वर्षे त्या जमिनीवर ज्यांची उपजीविका अवलंबून होती असे शेतमजूर, बटईदार, कूळ, कारागीर हेही त्यात ‘बाधित कुटुंब’ ठरतात. मात्र २०१८ च्या राज्य दुरुस्तीने काही प्रकारच्या प्रकल्पांना सामाजिक परिणामांच्या अभ्यासातून सूट देण्याची सोय सरकारने करून घेतली आहे. शिवाय मालकाशी थेट वाटाघाटी करून जमीन विकत घेण्याची पद्धतही महाराष्ट्रात रुळली आहे. या वाटाघाटीच्या टेबलाशी मजुराला खुर्ची नसते. मालक चांगल्या दरावर खूश होऊन सही करतो आणि दार बंद होते.

तेव्हा मोजणीवाले येण्याआधी आपल्या कार्यकर्त्यांनी आणि महाविद्यालयातील मुलामुलींनी कालव्याच्या रेषेवरील गावांत जावे. कोण कुणाच्या बांधीत किती दिवस रोवणी करतो, कोण बटईने कसतो, कोण कोणत्या तलावात मासे धरतो, याची घरोघर नोंद करावी, ती ग्रामसभेत वाचून ठरावात घालावी आणि तहसीलमध्ये पोच घेऊन द्यावी. हजेरीपट, मजूर कार्ड, विडी कामगाराचे ओळखपत्र, जे असेल ते जोडावे. रोवणीचे दिवस संपले की लोक घरी सापडतात. काम तेव्हा सुरू करता येईल.