कामगार नुकसानभरपाई विवादातील वैद्यकीय तपासणीचे शुल्क : कॅलिफोर्नियातील दरपत्रकाची चिकित्सा

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात कामावर झालेल्या इजेचे कारण व अपंगत्वाचे प्रमाण यांविषयी वाद निर्माण झाल्यास राज्याने प्रमाणित केलेला डॉक्टर कामगारास तपासून अहवाल देतो. या तपासणीचा खर्च सामान्यतः मालक अथवा त्याची विमा कंपनी करते. त्यामुळे शुल्काचे नियमन हा विमा कंपनी व डॉक्टर यांच्यातील हिशेबाचा प्रश्न मानला जातो. प्रस्तुत लेखात या दृष्टिकोनाची मर्यादा दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

२००६ च्या दरपत्रकात साध्या तपासणीस ६२५ डॉलर, गुंतागुंतीच्या तपासणीस ९३७.५० डॉलर व अतिशय गुंतागुंतीच्या तपासणीस ताशी २५० डॉलर असे दर होते. कोणते प्रकरण किती गुंतागुंतीचे, यावरूनच देयकांचे वाद उद्भवत. शिवाय हे दर जवळजवळ पंधरा वर्षे तसेच राहिले. राज्य लेखापरीक्षकांनी नोव्हेंबर २०१९ च्या अहवालात दर जुने झाल्याकडे व डॉक्टरांच्या अपुऱ्या संख्येकडे लक्ष वेधले. डॉक्टर न मिळाल्यास तपासणी लांबते व कामगाराचा दावा अनिर्णीत राहतो. गोठविलेल्या दरांचा भार अशा रीतीने अखेर कामगारावरच पडतो.

१ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या दरपत्रकाने तपासणीसाठीची ताशी आकारणी रद्द केली. सर्वंकष तपासणीस २,०१५ डॉलर ठरले. त्यात कागदपत्रांची २०० पाने गृहीत धरून पुढील प्रत्येक पानास ३ डॉलर देण्यात आले. हिशेब सुलभ झाला, हे मान्य केले पाहिजे. परंतु अहवालाचा खरा कस अन्यत्र लागतो. २००४ च्या सुधारणेनुसार अपंगत्वाचा किती भाग इजेमुळे व किती अन्य कारणांमुळे, हे डॉक्टरने सांगावयाचे असते. केवळ टक्केवारी पुरेशी नसून ती कशी व का ठरली याचे विवेचन हवे, असे एस्कोबेडो प्रकरणात (२००५) ठरले. नेमक्या याच विवेचनास दरपत्रकात स्वतंत्र मोल नाही. त्रोटक व साधार अशा दोन्ही अहवालांस मूळ शुल्क सारखेच मिळते. आधीच विचारलेल्या मुद्द्यावरील पुरवणी अहवालास शुल्क न देण्याची तरतूद योग्य असली, तरी ती विलंब घडून गेल्यानंतरची आहे.

सारांश, शुल्क ठरविताना पुराव्याचे स्वरूपही ठरत असते. म्हणून दरांचा नियतकालिक फेरविचार आणि अहवालांच्या गुणवत्तेची नियमित तपासणी या दोन्ही गोष्टी शुल्कनियमनाचा अविभाज्य भाग मानल्या पाहिजेत.