ज्यूरीपुढील टिळक : एका प्रास्ताविकाची चिकित्सा

ज्यूरीपुढे बाजू मांडणाऱ्याचे पहिले कर्तव्य पुरावा सांगणे हे नव्हे. ज्यूरीने कोणत्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे आहे, ते निश्चित करून देणे हे होय. लोकमान्य टिळकांनी जुलै 1908 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात केलेल्या भाषणाचा गौरव राजकीय धैर्याचा दाखला म्हणून होतो. प्रस्तुत टिपणात त्याचा विचार या कसोटीवर करावयाचा आहे.

खटला ‘केसरी’तील ‘देशाचे दुर्दैव’ (12 मे 1908) व ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ (9 जून 1908) या लेखांवरून उभा राहिला. टिळकांनी साक्षीदार बोलावले नाहीत. त्यामुळे त्यांचे एकच भाषण प्रास्ताविकही होते आणि समारोपही. त्यांनी कागदपत्रे दाखल केल्याने अखेरच्या प्रत्युत्तराचा हक्क सरकारपक्षाकडे गेला. पहिला व शेवटचा शब्द प्रतिपक्षाचा आणि मधले 21 तास 10 मिनिटे टिळकांची, अशी ही रचना होती.

प्रश्नाची मांडणी टिळकांनी कुशलतेने केली. लेखांचे शब्द तीव्र आहेत काय, हा प्रश्न बाजूस सारून लेखकाचा हेतू काय व तो ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्यांनी पुढे आणला. इंग्लंडात 1792 च्या फॉक्सच्या कायद्याने बदनामीच्या खटल्यांत संपूर्ण निर्णयाचा अधिकार ज्यूरीस मिळाला होता. ज्यूरीला वृत्तपत्रस्वातंत्र्याचे रक्षक म्हणून संबोधताना टिळक श्रोत्यांच्याच परंपरेचा आधार घेत होते. याहून योग्य पाया सापडणे कठीण.

परंतु त्या पायावरील इमारत डळमळली. नऊ ज्यूररांपैकी सात युरोपीय, दोन पारशी. बहुसंख्यांना मराठीचे ज्ञान नव्हते. इंदापूर तालुक्यातील लासुर्ण्याच्या पारावर बसलेल्या श्रोत्याला जी अर्थच्छटा सहज उमगली असती, तिच्यासाठी येथे भाषांतराचा वाद घालावा लागला. तो वाद अपरिहार्य होता, हे मान्य केले पाहिजे. मात्र शब्दार्थाचा निवाडा आरोपीच्याच विवेचनावर विश्वासून करणे ज्यूरीस भाग पडले. हेतूचा मूळ प्रश्न या विस्तारात मागे पडला.

निकाल सात विरुद्ध दोन असा लागला. ज्यूरीची रचना पाहता तो आधीच ठरला होता, असे कोणी म्हणेल. तसे असले तरी भाषणाच्या बांधणीतील दोष त्याने नाहीसा होत नाही. त्याचा पडताळा टिळकांच्याच वाणीत मिळतो. निर्णयानंतर त्यांनी उच्चारलेली मोजकी वाक्ये 1956 मध्ये त्याच न्यायालयात शिलेवर कोरली गेली. त्यांत प्रश्न एकच आहे : या न्यायालयाहून श्रेष्ठ सत्ता आहे की नाही? मात्र तेथे त्यांचा श्रोता ज्यूरी उरलेली नव्हती. तो देश होता.

1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला स्थान राहिले नाही. तथापि परभाषिक निर्णेत्यापुढे स्वभाषेतील शब्दाचा अर्थ सिद्ध करण्याची अडचण आजही न्यायालयांत उद्भवते. अशा प्रसंगी भाषांतराचा वाद मूळ प्रश्नाच्या किती अधीन ठेवावा, हे या भाषणाच्या बळावरून व उणिवेवरून, दोहोंवरूनही शिकता येते.