सुतकातलं प्रेम

मराठी पडद्यावर समलिंगी माणूस आला, तो बहुतेकदा दुसऱ्या कुणाच्या तरी दुःखाचं कारण होऊन. अमोल पालेकरांच्या ‘थांग’मध्ये (२००६) नवऱ्याचं पुरुषावर प्रेम असल्याचं बायकोला कळतं आणि चित्रपट तिच्या शेजारी जाऊन बसतो. ते गैर नाही. मृणाल कुलकर्णींनी ती कोंडी संयमाने पेलली आहे, आणि ‘क्वेस्ट’ या इंग्रजी आवृत्तीला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. मात्र त्या दोन पुरुषांच्या एकांतात काय होतं, याबद्दल प्रेक्षकाला फारसं काही कळत नाही.

ही सवय जुनी आहे. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ या नाटकात (१९८१) सुमित्राचं एका मुलीवर प्रेम आहे, पण ते आपल्याला सांगतो बापू, जो स्वतः सुमित्रावर जीव टाकून बसलेला आहे. रवी जाधवांनी याच कथासूत्रावरून केलेल्या ‘मित्रा’ या लघुपटाला २०१४ सालचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘उंबरठा’त (१९८२) सुधारगृहातल्या दोन बायकांचं नातं दिसतं, तेही कमिटीपुढचा प्रश्न म्हणून. एकूण काय, प्रेम त्यांचं आणि निवेदन दुसऱ्याचं.

या पार्श्वभूमीवर सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) ही कादंबरी वेगळी होती. पुण्यातलं एक मध्यमवर्गीय घर, वर राहायला आलेला पेइंग गेस्ट, आणि त्याच्या प्रेमात पडलेले भाऊ-बहीण. त्यातला भाऊ, तनय, स्वतः बोलतो. त्याचं बोलणं इतकं घरगुती आहे की आईच्या स्वयंपाकघरातून तो कधी वरच्या खोलीत पोचला, ते कळतही नाही. २०२२मध्ये नेटफ्लिक्सवर तिच्यावरचा चित्रपट आला तेव्हा मात्र हे घर फोर्ट कोचीला गेलं होतं, आणि भाषा झाली होती हिंदी-इंग्रजी. समुद्र, जुन्या भिंती, निळा रंग, सगळं देखणं. माझ्या मते तिथेच तो चित्रपट हरला. कादंबरीतली घुसमट पुण्याच्या चौकस शेजारातून आणि ‘आमच्यात असलं काही नसतं’ या ठाम समजुतीतून येत होती. कोचीत ती सुंदर उदासी होऊन गेली.

मग आला रोहन परशुराम कानवडे यांचा ‘साबर बोंडं’. जानेवारी २०२५मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च ज्युरी पारितोषिक त्याला मिळालं. तिथे पोचलेला हा पहिला मराठी कथापट. १९ सप्टेंबरला तो आपल्याकडे थिएटरात लागला. पारितोषिकाची बातमी मोठी झाली. तिच्यामागे चित्रपटातली खरी धिटाई थोडी झाकली गेली.

मुंबईत कॉल सेंटरमध्ये काम करणारा आनंद वडील गेल्यावर आईसोबत गावी येतो. दहा दिवसांचं सुतक. भावकी जमलेली, नियम सांगणारे ढीगभर, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच विषय: लग्न. वडील गेल्यावर वर्षाच्या आत मुलाचं उरकून टाकावं, हा आपल्याकडचा रिवाज. त्यामुळे या आग्रहाला धारच असते. याच दहा दिवसांत त्याला लहानपणचा मित्र बाळ्या पुन्हा भेटतो. कानवडे यांनी सुतकाला खलनायक केलेलं नाही. कामधंदा थांबलेला, हातात वेळच वेळ, घरापासून रानापर्यंतच्या पायवाटा मोकळ्या: ज्या रीतींनी आनंदला बांधायचं, त्यांच्याच आडोशाला हे प्रेम वाढतं. कॅमेरा बहुतेक वेळा एका जागी थांबतो. पार्श्वसंगीत नाही. त्यामुळे कुठे हळवं व्हायचं, हे कुणी सांगत नाही. या दोघांच्या भूमिकांतल्या भूषण मनोज आणि सूरज सुमन यांची जवळीक संवादांपेक्षा शेजारी बसण्यातून कळते. जयश्री जगतापांची आई तर वेगळ्या लेखाचा विषय आहे. तिला आणि गेलेल्या वडिलांना मुलाबद्दल ठाऊक होतं. आता नातेवाइकांना थोपवण्यासाठी ती शांतपणे खोटं बोलते. आपल्या सिनेमातल्या रडणाऱ्या आयांच्या रांगेत ही उठून दिसते.

कानवडे यांच्या स्वतःच्या वडिलांच्या सुतकातून ही गोष्ट सुचली आणि आईच्या गावातच चित्रीकरण झालं. म्हणून असेल, इथला वारसा आनंदच्या अंगावर लादलेला वाटत नाही. तो त्याचाही आहे.

एक तक्रार आहे. बाळ्याच्या घरात चित्रपट पुरेसा थांबत नाही. आनंदला परतायला मुंबई आहे, बाळ्याला शेती आणि शेरडं. त्याच्या जोखमीचं वजन आपल्याला अंदाजानेच घ्यावं लागतं.

आणि पुणे? बिंदुमाधव खिरे यांचा समलिंगी व्यक्तींसाठीचा समपथिक ट्रस्ट इथे २००२मध्ये सुरू झाला, प्राईड यात्रा २०११मध्ये सुरू झाली, फिल्म इन्स्टिट्यूट लॉ कॉलेज रोडवर साठ वर्षांहून अधिक काळ उभी आहे. तरी पुण्याच्या घरातला तनय पडद्यावर पुण्यात राहू शकला नाही. पुण्यातल्या घराचा असा चित्रपट कुणी केलाच, तर त्याला सोसायटीच्या पुनर्विकासाची मीटिंग टाळता येणार नाही. १७ ऑक्टोबर २०२३च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली. त्यामुळे वीस वर्षं एकत्र राहिलेल्या जोडीतला एक मृत्युपत्र न करता गेला, तर फ्लॅटवर हक्क सांगायला पुतणे येतात. जोडीदाराने मग त्या मीटिंगला कोण म्हणून बसायचं, भाडेकरू की पाहुणा?